टोपल्यातली एक भाकर

माझ्या सासूबाई, शालूबाई, यांच्या हातची आमटी खायला पाहुणे हिंगोलीकडच्या आमच्या गोरेगावात मुद्दाम मुक्काम करायचे. येसर मसाला घातलेली लालभडक आमटी, चुलीवर टम्म फुगलेली ज्वारीची भाकर आणि तेल घातलेला ठेचा. पंगत उठली की माणसं ढेकर देत म्हणायची, अन्नपूर्णा आहे बाई. ही अन्नपूर्णा स्वतः काय खाते, हे त्यातल्या एकाच्याही डोक्यात आलं नाही. त्या ढेकरांचा मला आजही राग येतो.

१९९८ साली मी लग्न होऊन या घरात आले. माझे वडील हिंगोलीच्या एसटी डेपोत मेकॅनिक. माहेरी आम्ही चौघं. वडील ड्युटीवरून आले की सगळे गोल करून जेवायला बसायचो आणि शेवटच्या बटाट्यावरून भांडायचो. इथे जेवणाला क्रम होता. आधी माझे सासरे संतराम आणि नवरा माऊली. ते हात धुऊन उठले की मी. "तू जेव पोरी, मी घेते मंग," असं म्हणून आत्याबाई, म्हणजे सासूबाई, गोठ्याकडे निघून जायच्या. मी दोन-चारदा त्यांच्यासाठी थांबून पाहिलं. मी थांबले की त्यांना नेमकी कामं आठवायची. मग मी थांबायचं सोडलं, कारण मला भूक लागायची.

घरात कशाची वानवा नव्हती. कणग्या ज्वारीने भरलेल्या, दारात दोन म्हशी आणि एक गाय, परसात वांगी. शिवाय रोज भाकरीच्या टोपल्यात एक भाकर उरलेली असायची. टोपलं रिकामं ठेवलं तर घरातली लक्ष्मी जाते, असं आमच्याकडे मानतात. ती भाकर सकाळी गाईला जायची. ती दिसली की कुणालाही वाटावं, सगळे पोटभर जेवले आणि वर उरलं. मलाही तसंच वाटायचं.

आत्याबाई तेव्हा पन्नाशीच्याही नव्हत्या, पण हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायच्या. शेजारची रुपाकाकू सांगायची, शालू नवी नवरी होती तेव्हा चांगली अंगाने भरलेली होती, तिघा दिरांची लेकरं कडेवर घेऊन पाण्याला जायची. तेव्हा घरात पंधरा-सोळा माणसं. मग सासू गेली, दिरांच्या वाटण्या झाल्या, दोन्ही लेकी नांदायला गेल्या आणि शालूबाई वाळत गेल्या. त्याची कारणं सगळ्यांकडे तयार होती. कुणी म्हणे वाटण्या मनाला लागल्या, कुणी म्हणे लेकींचा घोर घेतला. माऊली म्हणायचा, वय झालं. पोट हे कारण कुणालाच सुचलं नाही.

२००१ साली हळद शिजवायच्या दिवसांत त्या कढईजवळच कोसळल्या. नशीब, मागे पडल्या. जीपमध्ये घालून त्यांना हिंगोलीला नेलं. डॉक्टरीणबाई वयाने माझ्याएवढ्याच. त्यांनी आत्याबाईंची खालची पापणी ओढून पाहिली. आत लाली नव्हतीच, पांढरं फटक. शरीरात रक्त इतकं कमी असताना ही बाई उभी कशी होती, असं त्या स्वतःशीच पुटपुटल्या. मग त्यांनी नाव विचारलं.

"माऊलीची माय," मामंजी म्हणाले. म्हणजे माझे सासरे.

डॉक्टरीणबाईंनी मान वर करून पाहिलं. माऊलीने घाईघाईने खरं नाव सांगितलं. त्यांचं जेवणखाण कसं आहे, हा पुढचा प्रश्न आत्याबाईंना होता, पण उत्तर पुन्हा मामंजींनीच दिलं.

"खायाची काई तकलीफ न्हाई, डॉक्टरीणबाई. रोज टोपल्यात भाकर उरती आमच्या."

"तुम्ही त्यांना जेवताना शेवटचं कधी पाहिलं?"

मामंजींनी माऊलीकडे पाहिलं, माऊलीने माझ्याकडे. तीस वर्षं संसार केलेला नवरा, पोटचा मुलगा, तीन वर्षं एका चुलीपाशी वावरणारी सून, आणि आम्हा तिघांपैकी एकानेही या बाईला घास तोंडात घालताना पाहिलेलं नव्हतं. आत्याबाई खाटेवर पडून छताकडे बघत होत्या. आपलं काहीतरी चोरून ठेवलेलं उघडं पडल्यासारखा त्यांचा चेहरा झाला होता.

त्यांना रक्त चढवलं, गोळ्या दिल्या. परत पाठवताना डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं, की या पोटभर जेवल्या नाहीत तर गोळ्यांचा काही उपयोग नाही आणि पुढच्या वेळी मी वाचवीन असं समजू नका.

घरी आल्यावर दुसऱ्याच सकाळी आत्याबाई चुलीपुढे. झोपा म्हटलं तर ऐकेनात. मग मी हट्टाने शेजारी बसले. त्यांनी पिठाचा डबा ओढला आणि परातीत ओंजळी टाकायला लागल्या. टाकताना ओठ हलत होते. हे ओठ मी कितीदा पाहिले होते, आणि देवाचं नाव घेत असतील असं समजले होते. त्या दिवशी जवळ होते म्हणून ऐकू आलं.

"हे मालकाचं. हे माऊलीचं. हे दर्शनीचं. हे टोपल्याचं."

आणि डब्याला झाकण.

दर्शनी म्हणजे मी. प्रियदर्शनी हे नाव त्यांना लांब पडायचं. मी विचारलं, "आणि तुमचं?"

मी काहीतरी वावगं बोलले अशा नजरेने त्या बघायला लागल्या. "आपल्या नावाचं पीठ आपुन घेत असतेत का?"

मग त्यांनी मला समजावून सांगितलं, स्वयंपाकाची एखादी रीत शिकवावी तसं. पीठ माणसाच्या नावाने घ्यायचं. रांधणारीने स्वतःचं नाव घ्यायचं नाही, तिने उरलेलं खायचं. हे त्यांना त्यांच्या सासूने शिकवलं होतं. तेव्हा खटल्याचं, पंधरा-सोळा माणसांचं घर. कुणी रुसायचं, कुणी गावाला जायचं, एखादं लेकरू न जेवताच झोपायचं. दोन-तीन भाकरी हमखास उरायच्या.

"तवा लई पोटभर खाल्लं मी," त्या म्हणाल्या. "आता तुमी तिघंच. बराबर खाता. काई उरत न्हाई."

त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. तेच मला सहन होईना. मग खाता काय, विचारलं तर म्हणाल्या, तव्याला चिकटलेली खरवड, भांड्याच्या बुडाची आमटी, चहा. आणि रोज उरते ती भाकर?

"ती टोपल्याची हाय न."

दहा पावलांवर ज्वारीच्या कणग्या होत्या. ज्या भाकरीकडे बघून आम्ही सगळे निर्धास्त होतो, तिच्याकडे बघत ही बाई रोज उपाशी झोपत होती. गाईला जाणाऱ्या भाकरीलाही टोपल्याचं नाव होतं. काल आलेल्या माझं नावसुद्धा पहिल्या दिवसापासून घेतलं जात होतं.

मी उठले आणि ओट्यावर बसलेल्या मामंजींना सगळं ऐकवलं. सुनेने सासऱ्यापुढे बोलू नये तेवढं बोलले. डोक्यावरचा पदर कुठे होता, ठाऊक नाही. रुपाकाकू दारात येऊन उभी राहिली. माझं संपल्यावर मामंजी उठले आणि स्वयंपाकघरात गेले. तिथे ते कधी येत नसत. पाणी हवं असलं तरी बाहेरून हाक मारत. त्यांनी डब्याचं झाकण काढलं, दोन्ही हात आत घातले आणि ओंजळ परातीत टाकली. निम्मं पीठ खाली सांडलं.

"हे शालूचं," ते म्हणाले.

आत्याबाईंनी पदर तोंडावर ओढून घेतला. नवऱ्याच्या तोंडून त्यांनी आपलं नाव पहिल्यांदाच ऐकलं असावं. मामंजी पुन्हा डब्यात हात घालत होते. "हे बी शालूचं. हे बी." शेवटी मीच डबा बाजूला घेतला.

भाकरी मी थापल्या. मामंजी आणि माऊली आधी ताटावर बसायला तयार होईनात. मी आत्याबाईंपुढे ताट ठेवलं तर त्या भिंतीकडे तोंड करून बसल्या. मग आम्हीच मान वळवली. बऱ्याच वेळाने भाकर मोडल्याचा आवाज आला.

एक संपली. मी दुसरी वाढली, तीही संपली. मग तिसरी. हावरटपणा नाही की घाई नाही. जशा सगळी कामं करायच्या तशाच निगुतीने त्या जेवत होत्या. या बाईची भूक केवढी आहे, हे त्या घराला त्या सकाळी पहिल्यांदा कळत होतं.

"तीन," मामंजी माऊलीला हळूच म्हणाले. "माज्याएवढीच भूक हाय रे तिला."

ते जमिनीकडे बघत राहिले आणि त्यांची मान हलत राहिली.

चौथी तव्यावर होती तेवढ्यात आत्याबाईंचा हात आपोआप टोपल्याकडे गेला. कालची भाकर त्यांनी उचलली, आमटीत बुडवली आणि अर्धी खाऊन झाल्यावर एकदम थांबल्या. टोपल्यात वाकून पाहिलं. चेहऱ्याचा रंगच उडाला.

"टोपलं रिकामं झालं," त्या म्हणाल्या.

"होऊ दे," मामंजी म्हणाले.