मे महिन्यातली दुलई

उष्माघाताच्या रोग्यावर मी दुलई घातली. मे महिन्यात, भर दुपारी, स्वतःच्या हाताने.

धाड या गावी दवाखाना थाटून मला दोन महिने झाले होते. आम्हा वऱ्हाडच्या पोरांना डॉक्टरकी शिकायला प्रांताच्या राजधानीत, नागपूरला जावं लागे. तिथून मी विद्येपेक्षा ऐट जास्त आणली होती.

रोगी म्हणजे रहीमभाई पिंजारी. कापूस उडू नये म्हणून हा गृहस्थ दारंखिडक्या लावून पिंजायचा. पिंजता पिंजताच कोसळला आणि बरळू लागला.

"डाक्टरसाहेब, यायले ऊन लागलं," त्याची बायको अमीनाबी म्हणाली.

"बाई, घरात बसलेल्या माणसाला ऊन कसं लागेल?"

अंग तव्यासारखं तापलेलं, पण घामाचा थेंब नाही. मी हिवताप ठरवून टाकला. हिवतापात घाम फुटला की ताप उतरतो, तेव्हा घाम आणायचा. पिंजाऱ्याच्या घरी दुलयांना काय तोटा!

मग खिशातून थर्मामीटर काढला. काखेत लावण्याआधीच पारा टोकाला. झटकला, पुन्हा टोकाला.

"बिघडलाय," मी जाहीर केलं.

"बिघडला नाही, साहेब," माझा कंपाउंडर नामदेव म्हणाला. "तो तुमच्या खिशातला ताप सांगून राह्यला."

आमच्याकडच्या मे महिन्यात हवाच अंगापेक्षा गरम असते. म्हणून नामदेव थर्मामीटर पाण्याच्या लोटीत ठेवायचा. त्या सकाळीच मी त्याला गावंढळ ठरवून थर्मामीटर खिशात घातला होता.

नामदेवने माठात बुडवून, झटकून, काखेत लावला. एकशे आठ! हिवतापात इतका ताप क्वचितच चढतो. कोंडलेल्या उकाड्यात घाम आटला की शरीराला थंड व्हायची वाटच उरत नाही. ऊन लागतं ते असं, सावलीतसुद्धा. आणि मी वरून दुलई घातलेली!

"दार उघडा!" मी ओरडलो.

"कापूस उडन ना!"

"उडू द्या, बाई! नाहीतर हे उडतील!"

दुलई फेकली, कपडे उतरवले, ओली चादर गुंडाळली. नामदेव सुपाने वारा घालू लागला. दारात दहा माणसं वारा अडवून उभी होती, त्यांना हटवलं. एकजण शुद्धीत नसलेल्या रहीमभाईच्या तोंडात पाणी ओतायला निघाला. श्वासनळीत गेलं असतं, म्हणून त्याच्या हातातला तांब्या हिसकावून चादरीवर उपडा केला. शेजारपाजारचे माठ रिकामे झाले. तासाभराने पारा एकशे दोनवर आला, आणि रहीमभाईने अमीनाबीला विचारलं, "दार काऊन उघडलं?"

शुद्ध आली होती.

तेव्हापासून माझा थर्मामीटर मे महिन्यात लोटीतच राहतो. घामाशिवायचा कडक ताप दिसला की मी आधी अंग गार करतो, रोगाचं नाव नंतर शोधतो.

पुढच्या बाजाराच्या दिवशी रहीमभाई दवाखान्यात आला. मी जरा ऐटीत विचारलं, "काय, वाचवलं की नाही तुम्हाला?"

"वाचवलं नामदेवनं," तो म्हणाला. "मी जलमभर दुलया भरल्या, साहेब. दुलईनं माणूस मारता येते, हे तुमच्यापासून शिकलो."