दाराजवळचे बूट

ओहायोतला बंबवाला डेलबर्ट कोव्हॅक घरपट्टी माफीच्या अर्जावर काही केल्या सही करेना. आग विझवताना छत कोसळून त्याचा उजवा पाय गुडघ्याखालून गेला होता. पण अर्जातले ‘कायमचा अपंग’ हे शब्द दिसले, की तो कुबड्या आपटत घरभर येरझाऱ्या घालायचा. दाराशी त्याचे आगीवर जायचे बूट अजून तसेच उभे होते, जाड विजार त्यांच्यावरच गुंडाळलेली. पाय घालायचे, वर ओढायची आणि पळायचं.

“पाय परत उगवायची वाट बघतोयस का रे?” बायको लोर्ना करवादली.

तेवढ्यात गावातला आगीचा भोंगा वाजला. डेलबर्ट ताडकन उठला, डावा पाय बुटात घातला आणि उजव्या बुटापाशी थबकला. बाहेरून बंब घणघणत निघून गेला.

“आण ते पेन,” तो खेकसला. “आणि खबरदार, हा दुसरा बूट हलवलास तर!”