विष्णुपंतांनी उभा केलेला बाप

कल्याणहून आलेल्या एका अशिलाने कोर्टाच्या पायऱ्यांवर मला गाठून सांगितले, "तुमचे विष्णुपंत मास्तर गेले. ताप डोक्यात चढला." आदल्याच रविवारी, नेहमीप्रमाणे कल्याणला त्यांच्या घरी कादंबरीचे तेच प्रकरण पुन्हा ऐकताना मी जांभई दिली म्हणून ते माझ्यावर रागावले होते. मास्तर गेले त्याला आता महिना होऊन गेला.

मास्तर शाळेत भूगोल शिकवीत, पण स्वतः ठाण्यापलीकडे गेलेले नव्हते. तरी त्यांची कादंबरी सुरू झाली ती काश्मिरात. राजकन्या बागेत हिंडे, राजपुत्र तिला पाही आणि चौथ्या पानावर दोघांचे लग्न होई. मी विचारले, "अहो, यात पेच कुठे आहे?"

"पेच कशाला? दोघंही चांगल्या घरची आहेत."

मी कोर्टातला कारकून. प्रतिवादीच नसेल तर खटला उभा राहत नाही, हे मी परोपरीने सांगून पाहिले. त्यांना पटेना. तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दाराआडून यमुनावहिनी म्हणाल्या, "भावोजी, त्यांना विचारा, काश्मिरात राजकन्येच्या दारी फणस कसा? आणि तिच्या बापानं एकदा तरी नाही म्हणू नये?" पेच राहिला बाजूला, भूगोलाच्या मास्तरांना तो फणस फार लागला.

पुढच्या खेपेस राजकन्या कल्याणला तळ्याजवळच्या आळीत राहायला आली होती आणि तिला नकार देणारा बाप मिळाला होता. दुष्ट माणूस मास्तरांच्या पाहण्यात नव्हता, म्हणून त्यांनी हाताशी होता तो घेतला. घरमालक गणूकाका, भाताचे व्यापारी. नाव तेवढे बदलले. तपकीर, तुटका दात, "बघू" म्हणून विषय मिटवण्याची रीत, सगळे जसेच्या तसे. ओसरीवर वाचन सुरू झाले तेव्हा गणूकाकाच सर्वांत पुढे येऊन बसले. शेजारी माना खाली घालून हसू दाबत होते आणि मास्तरांचा आवाज ओळीगणिक बारीक होत होता. मास्तरांचे बिऱ्हाड आता कुठे हलवायचे, याचा मीसुद्धा विचार करू लागलो.

वाचन संपल्यावर काका म्हणाले, "हा मीच ना?"

मास्तरांना खोटे बोलता येत नसे. "हो."

"मग मी 'नाही' का म्हणतो, ते कुठं लिहिलंय? माणूस उगाच 'नाही' म्हणत नसतो."

आणि त्यांनी सांगितले. थोरली मुलगी श्रीमंत घर बघून देशावर दिली. घाट चढून गेली ती पुन्हा माहेरी आलीच नाही. पहिल्याच बाळंतपणात गेली. धाकटीच्या वेळी तोंडातून 'हो' निघेना... "हे लिहा," म्हणाले, आणि उठून गेले.

तेव्हापासून कादंबरी अडली. "दुष्ट माणूस हातचा गेला हो," मास्तर मला म्हणाले. रोज संध्याकाळी काका येऊन बापाची बाजू मांडत, वहिनी दाराआडून मुलीची, आणि मधे मास्तर टाक घेऊन निकाल पुढे ढकलीत. इतका रंगलेला खटला मी आमच्या कोर्टातही पाहिला नाही.

समाचाराला गेलो तेव्हा गणूकाका ओसरीवर भिंतीला टेकून बसले होते. ते दाराकडे वळून म्हणाले, "सूनबाई, मी हो म्हणतो. त्या मुलीचं लग्न होऊ द्या. मास्तरांचं काम तडीला जाईल. हे कारकूनसाहेब लिहून काढतील."

यमुनावहिनी दाराआड येऊन उभ्या राहिल्या.

"एवढ्यात हो म्हणू नका, काका," वहिनी म्हणाल्या. "उद्या संध्याकाळी या. मुलीची बाजू अजून पुरती मांडून झालेली नाही."