ऑर्किडसाठी उजेड

समोर उंच इमारत झाली आणि शेजारच्या सुमनताईंच्या खिडकीतलं ऊन गेलं. तिथलं ऑर्किड फुलेनासं झालं. त्याच्यासाठी दिवा घ्यायला त्या निघाल्या, तेव्हा मीही सोबत गेलो.

दुकानदाराने झाडांसाठीचा खास जांभळा दिवा लावून दाखवला. महाग होता. बाजूची साधी पांढरी एलईडी पट्टी बरीच स्वस्त होती.

"झाडाला दोन्ही चालतात," तो म्हणाला. "पांढरी फक्त जरा जवळ लावा."

सुमनताईंनी जांभळ्या उजेडात हात धरून पाहिला. हात आजारी माणसाचा वाटला.

"पांढरीच द्या. मलाही त्याच घरात राहायचंय."

ऊन असतं तेव्हा ते कुणी निवडत नाही, आपण नुसते त्यात वावरतो. ते गेलं की मग आपल्याला कसल्या उजेडात राहायचंय, हे ठरवावं लागतं.

काही आठवड्यांनी त्यांच्याकडे गेलो. ऑर्किडला नवं पान आलं होतं. पट्टीखाली खुर्ची ओढून सुमनताई मेथी निवडत होत्या.

"फूल नाही आलं अजून?" मी विचारलं.

"येईल की," देठ बाजूला करत त्या म्हणाल्या. "आम्ही दोघं बसलोय ना इथे."