व्याह्यांनी जिवंत ठेवलेली बहीण

माझ्या सुनेच्या वडिलांइतका पुस्तकातल्या शब्दाला जपणारा माणूस अख्ख्या जपानात नसेल. निदान त्यांचं स्वतःचं तरी तसं ठाम मत होतं. बँकेतून निवृत्त झालेले, घरी एकटे. लेकीकडे, म्हणजे आमच्या घरी, जपानात निशी-कसाईला तीन महिन्यांसाठी आले ते कपडे कमी आणि पुस्तकं जास्त घेऊन. सगळी एकाच जातीची: नाझींच्या छळछावण्यांतून वाचलेल्या ज्यू माणसांनी स्वतः लिहिलेली. इथल्या दुकानात पुस्तकाला कागदाचं कव्हर घालून देतात हे कळल्यावर त्यांनी एक पुस्तक विकत घेतलं आणि घरून नेलेल्या अकरांना कव्हरं मागितली. दुकानातल्या बाईने वाकून वाकून ती घातली. मग सगळी सारखीच दिसू लागली आणि हवं ते सापडेपर्यंत व्याह्यांची सकाळ संपू लागली. ज्या ट्रेनमध्ये माणसं खोकतानाही ओशाळतात, तिथे ते माझ्या मुलाला छावणीतली उपासमार मोठ्याने समजावत. मुलगा दोन स्टेशनं आधीच उतरून चालत घरी येई. शेजारच्या मुलाला वाढदिवसाला त्यांनी असंच एक पुस्तक दिलं. मुलगा सहा वर्षांचा. माझ्या मुलाने एकदा काही पानं गाळून वाचली, तेव्हा त्याला ऐकवलं, "जावईबापू, मरणाच्या दारातून आलेल्याची साक्ष आहे ही. एक शब्द गाळलात तरी त्याला पुन्हा गप्प केल्यासारखं आहे."

माझ्याइतकं चांगलं ऐकणारं माणूस त्यांना मिळालं नसतं. मी चौथी शिकलेली, इंग्रजी येत नाही, व्याह्यांसमोर तोंड उघडत नाही, आणि मेथी निवडायची असल्यामुळे उठूनही जाता येत नाही. दुपारी ते पुस्तकात बघत मराठीत सांगत. दोन बहिणी छावणीत अडकल्या होत्या, पुस्तक थोरलीने लिहिलेलं, आणि धाकटीला ताप भरला होता. सात दुपारी व्याही तिला त्या तापातून वर काढत होते. शेवटी ती उठली आणि थोरलीची वेणी घालू लागली. छावणीत सगळ्यांचे केस कापतात हे त्यांनीच आधी सांगितलं होतं. पण मला ती वेणी आवडली, म्हणून मी गप्प राहिले.

मग नातीने शाळेच्या वाचनालयातून तेच पुस्तक जपानीत आणून वाचलं. म्हणाली, "आजी, धाकटी तर मरते. आजोबा काहीतरीच सांगतात."

त्या दुपारी मी व्याह्यांना पहिल्यांदा काही विचारलं. "जावयाला एक शब्द गाळू देत नाही, आणि मला अख्खी बाई जिवंत करून सांगितलीत. चौथी शिकलेलीला एवढंच झेपेल असं वाटलं का?"

व्याही कव्हराची घडी दाबत बसले. "तुमच्यासाठी नाही हो, विहीणबाई. मनात चार वेळा वाचलं होतं. मोठ्याने वाचायला गेलो आणि जमेना. मग सांगतच सुटलो."

"आता वाचा. आहे तसं, मराठीत."

त्यांनी सात दुपारी जगवलेल्या मुलीचं मरण दोनच ओळींचं होतं. 'सकाळी मी तिला हाक मारली. ती उठली नाही, तेव्हा तिच्या मुठीतला पाव काढून घेतला आणि खाल्ला.' तिथे दुसरं कुणी बघायला नव्हतं. थोरलीने लिहिलं नसतं तर कुणाला कळलंही नसतं. तरी तिने लिहिलं. त्यापेक्षा धाकटीला उठवून वेणी घालायला लावणं सोपं होतं.

व्याही आता पुण्याला परत गेलेत. रविवारी फोनवर दुसरं पुस्तक वाचून दाखवतात; सांगत नाहीत, वाचतात. मधेच आवाज थांबतो. अशा वेळी मला ते थापाडे व्याही आठवतात. त्यांनी एव्हाना कुणाला तरी उठवून बसवलं असतं. पण मी तसं म्हणत नाही. ते पुन्हा वाचू लागेपर्यंत फोन कानाला धरून बसते.