टोकियोचा दावा आणि अकोल्याचा मुक्काम

वसंतराव गेल्याचं मला अकोल्याहून कळलं. मी अमरावतीत त्यांच्यापासून दोन गल्ल्यांवर राहतो, पण त्यांच्या घरून पहिला फोन गेला तो अकोल्याच्या जुन्या शहरात, शकीलभाईंना. मला त्याचं नवल वाटलं नाही. आमच्या जिल्हा ज्युदो संघटनेचे वसंतराव सचिव, मी खजिनदार. शकीलभाई अकोल्याचे सचिव, म्हणजे खरं तर प्रतिस्पर्धी.

सराव संपला की वसंतराव मुलींना एका जपानी मुत्सद्द्याची हकीकत सांगत. धिप्पाड ज्युदोपटू, जिनिव्हात राष्ट्रसंघाचा मोठा अधिकारी, पुढे रोममध्ये राजदूत आणि ऑलिंपिक समितीचा सभासदही. १९४० चे खेळ टोकियोला मिळावेत म्हणून तो थेट इटलीच्या हुकूमशहाला भेटला. रोमचाही त्या खेळांवर दावा होता, तो रोमनं सोडला, पण समितीतली माणसं दुखावली. खेळ कुठं व्हायचे हे सरकारं ठरवणार का, असं त्यांचं म्हणणं. पुढे टोकियोला खेळ मिळाले, चीनशी युद्ध पेटलं आणि जपाननं ते परत केले. "वरून काम करून आणलं बुवानं," वसंतराव म्हणत, "खेळणाऱ्याईले कोणी इचारलंच नाई."

कपाशी लागोपाठ बुडाली त्या वर्षांत राज्य स्पर्धेवर अमरावती आणि अकोला दोघांनीही दावा सांगितला. आमच्या जिल्ह्यातल्या भातकुलीच्या मुलींना परगावी मुक्कामाला पाठवणं घरच्यांना परवडत नव्हतं. स्पर्धा अमरावतीत झाली तरच त्या खेळणार होत्या. आमदारांचा एक फोन पुरेसा होता. मी वसंतरावांना तसं म्हटलंही.

"अन् शकीलच्या पोरी? त्याईच्या वावरात काय सोनं पिकून राह्यलं?" म्हणत ते मला घेऊन अकोल्याच्या एसटीत बसले.

शकीलभाई दारातच म्हणाले, "या साहेब! आमचा दावा सोडवाले आले का?"

"आमचा सोडाले आलो. पण आमच्या पोरी तुमच्या मोहल्ल्यात राह्यतीन. लॉजमंदी नाई, घरी," वसंतराव म्हणाले.

आतून शकीलभाईंच्या पत्नी, आमच्या भाभी, म्हणाल्या, "कितनी हैं, पहले ये तो पूछो."

भातकुलीत एका बापानं विचारलं, "कोणाच्या घरी?" वसंतराव म्हणाले, "माह्या भावाच्या." सगळ्या मुली खेळल्या. पदक एकच मिळालं, तेही कांस्य.

तेव्हापासून अकोल्याला स्पर्धा असली की मुली तिथंच उतरतात. सोबत वसंतराव जात आणि शकीलभाईंच्या ओसरीवर झोपत. परवा भाभींचा फोन आला, यंदा मुलींबरोबर कोण येणार? मी म्हटलं, "मी येतो." त्या म्हणाल्या, "ठीक है भाईसाब, ओसरीवर खाट डाल देती हूँ."