चहा न ओतणाऱ्या काकी

घरी आलेल्या माणसाला काकी चहाशिवाय सोडत नसत. पण युनियनच्या मीटिंगमध्ये त्यांनी किटलीला कधी बोट लावलं नाही. डोंबिवली एमआयडीसीतल्या आमच्या औषध कंपनीच्या युनियन कमिटीत त्या एकट्याच बाई. किटली आली की सगळे पुरुष सवयीने त्यांच्याकडे बघत. काकी म्हणत, "मी हितं मागायला आलीये, वाढायला नाय. तुमचा तुमी वता." पाठीमागे त्यांना 'लीडरीण' म्हणत. काकींना ते ठाऊक होतं आणि थोडं आवडतही होतं.

त्यांचं मागणं एकच होतं. पॅकिंगमध्ये लेबलिंगचं मशीन आम्ही बायका चालवायचो, पण कागदोपत्री हेल्पर. त्याच मशीनवर पुरुष उभा राहिला की तो ऑपरेटर, आणि पगारही तसाच. रिटायर व्हायच्या आधी काकींना ऑपरेटर व्हायचं होतं.

दर कराराच्या वेळी ही मागणी मागणीपत्रात सगळ्यात शेवटी असे. शेवटच्या मागण्या बोलणी अडली की सोडून द्यायलाच लिहायच्या, हा आमच्याकडचा रिवाज. सेक्रेटरी समजावत, "काकी, आधी घरातल्या कर्त्या माणसांचं बघू." त्यावर काकी एकदा म्हणाल्या, "माजा कर्ता कवाच गेला. माज्या घरात मीच कर्ती." मागणी मात्र होती तिथेच राहिली. आठवलं की आजही माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

रिटायर होण्याआधीच्या शेवटच्या कराराला काकींनी आम्हा बायकांकडून शब्द घेतला होता, की या वेळी आपली मागणी सुटली तर गेटसभेत कराराच्या मंजुरीला हात वर करायचा नाही. सेक्रेटरींनी पगारवाढ जाहीर केली, पेढे फिरवले आणि आमच्याकडे बघून म्हणाले, "तुमचं पुढच्या वेळी नक्की." हात वर झाले. बायकांचेही. काकींचा आणि माझा, दोनच हात खाली राहिले. मी चिडले तर काकी मलाच म्हणाल्या, "त्यांना नको बोलूस गो, त्यांच्या घरी पोरं हायत."

काकी हेल्पर म्हणूनच रिटायर झाल्या. निरोपाला युनियनने त्यांना किटलीसकट चहाचा सेट दिला. थट्टा की माया, देव जाणे. सगळे हसले, काकीही हसल्या. "हा हापिसातच ठेवा," त्या म्हणाल्या, "माज्या जागी येल तिला कामाला येल."

त्यांच्या जागी मी निवडून आले. पहिल्याच मीटिंगला सेक्रेटरींनी तीच किटली माझ्याकडे सरकवली. मी आधी नवं मागणीपत्र उलटून पाहिलं. आमची मागणी शेवटीच होती. किटली मी परत सरकवली. त्या दिवशी चहा कोणीच प्यायलं नाही.